यूकॅटची तयारी नीटसारखीच करायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी इथे इंग्लंडमध्ये इयर १२ मध्ये (आपली अकरावी) आहे, मेडिसिनला जायचंय, येत्या उन्हाळ्यात यूकॅट, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेशाची परीक्षा, द्यायची आहे. पुण्याचे दीर म्हणतायत, नीटची पुस्तकं पाठवतो, आत्तापासून घोटून घ्या. इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी महागड्या क्लासची जाहिरात टाकलीय. यातलं काय करावं?

पुस्तकं मागवू नका. क्लासचे पैसेही तूर्त राहू द्या.

मी लेस्टरमध्ये सिक्स्थ फॉर्मच्या (इथल्या अकरावी-बारावीच्या) मुलांना गणित शिकवते. दर उन्हाळ्यात यूकॅट देणारी मुलं माझ्याकडे येतात आणि त्यात आपल्याकडची बरीच असतात. हुशार, ए-लेव्हलला (इथली बारावीसारखी परीक्षा) ए-स्टार या सर्वोच्च श्रेणीच्या रांगेतली. पहिल्या सराव परीक्षेत यातल्याच काहींचे गुण सगळ्यात कमी येतात. कारण दर वेळी तेच: प्रश्न हातात आला की सोडवून पूर्ण केल्याशिवाय ती पुढे जात नाहीत. ही सवय नीटला उपयोगाची, इथे घातक.

नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. यूकॅटमध्ये अभ्यासक्रमच नाही. बायोलॉजी नाही, केमिस्ट्री नाही. २०२५ पासून चार भाग आहेत: व्हर्बल रीझनिंगचे ४४ प्रश्न २२ मिनिटांत, डिसिजन मेकिंगचे ३५ प्रश्न ३७ मिनिटांत, क्वांटिटेटिव्हचे ३६ प्रश्न २६ मिनिटांत आणि सिच्युएशनल जजमेंटचे ६९ प्रश्न २६ मिनिटांत. पहिल्या भागाचा हिशोब करून पाहा. प्रश्नाला तीस सेकंद, आणि त्यातच उतारा वाचणंही आलं. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागाला मिळत नाही. मात्र उणे गुण अजिबात नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, आणि एकाही प्रश्नापाशी अडून बसायचं नाही. अवघड वाटला की अंदाजाने एक पर्याय टिचकवायचा, परत बघण्यासाठी फ्लॅग (खूण) लावायचा, पुढे. वेळ उरला तर परत यायचं, नाही उरला तर नाही.

ऐकायला सोपं आहे. पण दहावीपासून ‘पेपर पूर्ण सोडव’ हेच ऐकलेल्या मुलीला प्रश्न सोडून देताना जीव जड होतो. तयारीचा अर्धा भाग इथेच आहे. मी मुलांना पहिले आठ-दहा दिवस गुण मोजूच देत नाही. वीस प्रश्न द्यायचे, त्यातले चार मुद्दाम फार लांब. हे चार किती लवकर ओळखून बाजूला टाकले, एवढंच बघायचं.

व्हर्बलमध्ये दुसरी एक अडचण येते, आणि ती जास्त वाचणाऱ्या मुलांनाच येते. उतारा देतात आणि एक विधान देतात: खरं, खोटं की सांगता येत नाही. समजा उतारा १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यावर आहे. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, सप्टेंबरमध्ये पंपाचा दांडा काढला, त्यानंतर रुग्ण कमी झाले, एवढंच त्यात लिहिलंय. विधान असं: दांडा काढल्यामुळे साथ आटोक्यात आली. ज्या मुलीने ही गोष्ट शाळेत ऐकलीय, ती ‘खरं’ म्हणेल. जिने आणखी खोलात वाचलंय, तिला माहीत असतं की साथ आधीच ओसरू लागली होती, म्हणून ती ‘खोटं’ म्हणेल. दोघींचे गुण गेले. उताऱ्यात दांडा आणि साथ यांच्यात कार्यकारण जोडलेलंच नाही, म्हणून उत्तर ‘सांगता येत नाही’. स्वतःजवळचं ज्ञान दाराबाहेर ठेवायचं आणि कागदावर जे आहे तेवढ्यावरच बोलायचं, याची सवय लागायला वेळ लागतो. चारही भागांत सुधारणा सगळ्यात हळू होते ती इथे, आणि सरासरी गुणही याच भागात सगळ्यात कमी, ९०० पैकी ६०० च्या आसपास असतात. त्यामुळे मुलगी आठवडाभर तिथेच अडकली तर घाबरू नका.

वाचायचा क्रमही उलटा: आधी प्रश्न, मग उताऱ्यात तो शब्द किंवा ते नाव शोधायचं आणि आजूबाजूच्या दोन-तीन ओळी वाचायच्या. सगळ्या प्रश्नांना हे चालत नाही. लेखकाचा एकंदर सूर काय, असं विचारलं तर पूर्ण उतारा लागतोच. असे प्रश्न शेवटी घ्यायचे.

क्वांटिटेटिव्हचं गणित जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी परीक्षा) पलीकडचं नसतं. टक्केवारी, वेग, सरासरी, चलन बदलणं, तक्ते. ‘२० टक्के सूट देऊन जॅकेट ६८ पौंडांना मिळालं, मूळ किंमत किती?’ घाईत मूल ६८ मध्ये २० टक्के मिळवतं आणि त्याला ८१.६० मिळतात. पर्यायांत ८१.६० हमखास असतोच. बरोबर उत्तर ८५, कारण ६८ हे मूळ किमतीच्या ८० टक्के आहेत. अशा पाच-सहा ठरावीक फसव्या जागा एकदा कळल्या की गुण पटकन वाढतात. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा आणि अगदी साधा असतो. त्याचे आकडे माऊसने दाबत बसलात तर संपलंच. परीक्षा केंद्रात कीबोर्डला नंबर पॅड असतो, म्हणून घरी लॅपटॉपला एक स्वस्तातला जोडा. ऑल्ट आणि सी दाबलं की कॅल्क्युलेटर उघडतो, ऑल्ट आणि एन दाबलं की पुढचा प्रश्न. बोटांना हे सवयीचं झालं की प्रश्नामागे दोन-तीन सेकंद वाचतात, आणि छत्तीस प्रश्नांत ते बरेच होतात.

डिसिजन मेकिंग आपल्या मुलांना बहुधा आवडतं: कोडी, वेन आकृत्या, संभाव्यता, तर्काची विधानं. त्यात काही प्रश्नांना पाच विधानं असतात आणि प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिहायचं असतं. अशा प्रश्नाला दोन गुण असतात आणि अर्धवट बरोबर असेल तर एक मिळतो, त्यामुळे ते कधीही कोरे सोडायचे नाहीत. कोण कुणाच्या शेजारी बसलंय छापाची लांबलचक कोडी मात्र खुशाल फ्लॅग करायची.

आता सिच्युएशनल जजमेंट. पालक याच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण त्याला आकडा नसतो, बँड असतो: एक सर्वोत्तम, चार सगळ्यात वाईट. पण बँड चार आला तर काही विद्यापीठं बाकीचे गुण न बघता अर्ज बाजूला ठेवतात. आणि इथे आपलं घरचं वळण आडवं येतं. प्रसंग असा असतो: तुम्ही वॉर्डवर विद्यार्थी आहात, कन्सल्टंट (वरिष्ठ डॉक्टर) एका रुग्णाला तपासून हात न धुता दुसऱ्याकडे निघाले. ‘त्यांना हळूच आठवण करून देणं’ कितपत योग्य? मोठ्यांना उलटून बोलायचं नाही असं ज्या घरात शिकवतात, तिथली मुलगी चाचरते आणि ‘अयोग्य, पण फार वाईट नाही’ निवडते. इथल्या वैद्यकात रुग्णाची सुरक्षितता आधी, मान नंतर. उलट बाजूने, लगेच वरिष्ठांकडे लेखी तक्रार करणंही पहिली पायरी म्हणून बसत नाही. आधी त्या व्यक्तीशीच बोलायचं, शांतपणे आणि रुग्णासमोर तमाशा न करता. जनरल मेडिकल कौन्सिल या इथल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शिका (सध्याची आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे) फुकट वाचायला मिळते. ती मुलीने दोनदा वाचावी. खरं तर तुम्हीही वाचा आणि रात्री जेवताना त्यातले प्रसंग तिच्याशी बोला. या एका भागात आईवडिलांची खरी मदत होऊ शकते.

वेळापत्रक: परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये असते, केंद्रावर संगणकावर, आणि एका वर्षात एकदाच देता येते. सहा ते आठ आठवडे, रोज तास-दीड तास पुरतो. जानेवारीपासून सुरू केलेली मुलं ऑगस्टपर्यंत कंटाळलेली मी बघितलीत, आणि तोवर ए-लेव्हलचा अभ्यास मागे पडलेला असतो तो वेगळाच. यूकॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रश्नपेढी आणि पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत. खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या त्याच, म्हणून पूर्ण परीक्षा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा. त्याआधी हवी तर एखादी विकतची प्रश्नपेढी महिन्याभरासाठी घ्या. क्लास कशासाठी लागतो? घरी घड्याळ लावून बसणं जमत नसेल तर त्यासाठी. शिकवण्यासारखं त्यात फारसं नाही.

जुनी पुस्तकं कुणी दिली तर तारीख बघा. २०२४ पर्यंत ॲब्स्ट्रॅक्ट रीझनिंग नावाचा आकृत्यांचा भाग होता, तो आता काढून टाकलाय. तेव्हा एकूण गुण ३६०० पैकी असत, आता २७०० पैकी. त्यामुळे मैत्रिणीच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी २७५० पडले होते हे ऐकून मुलीला बोलू नका. तिला एवढे पडणं शक्यच नाही.

डिस्लेक्सिया किंवा तत्सम काही निदान झालेलं असेल, तर जास्त वेळेची सोय आहे. ती बुकिंगच्या आधी, कागदपत्रं देऊन मंजूर करून घ्यावी लागते. आपल्याकडे हे लपवायची रीत आहे, ती इथे महागात पडते.

निकाल चोवीस तासांत मिळतो आणि यूकासचा (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी इथली संस्था) मेडिसिनचा अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतो. मधले आठवडे फार मोलाचे, कारण मेडिसिनसाठी फक्त चार जागी अर्ज करता येतो. काही विद्यापीठं यूकॅटच्या गुणांवर रांग लावतात, काही एक किमान आकडा ठेवतात आणि त्यापुढे जीसीएसई बघतात. २०२३ नंतर बीमॅट ही दुसरी मेडिकल प्रवेश परीक्षा बंद झाल्यामुळे ऑक्सफर्ड, केंब्रिज, इंपिरियल, यूसीएल सगळेच यूकॅटवर आलेत. प्रत्येकाचं निवडीचं धोरण त्यांच्या पानावर दिलेलं असतं. गुण हातात आल्यावर ते पुन्हा वाचा, मग चार नावं ठरवा. मुलीचे गुण मध्यम आले आणि जीसीएसई उत्तम असेल, तर ‘आपलं तर इंपिरियलच’ हा हट्ट सोडा.

दिरांच्या मुलाला इथे पाठवायचा विचार असेल, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. इंग्लंडमधल्या मेडिकल जागांपैकी परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण साडेसात टक्केच असतात. आणि परदेशात शिकून भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर २०१८ पासून नीट पात्र होणं सक्तीचं आहे. म्हणजे त्याला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील, नीटची ती पुस्तकं त्यालाच लागतील.

एक शेवटचं, बारीक पण महत्त्वाचं. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टांत मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असतं आणि शाळेत ते कुठेच नसतं. केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडायला नकार देऊ शकतात. हे आज रात्रीच तपासा. केंद्रही घराजवळचं हवं असेल तर बुकिंग सुरू झाल्याबरोबर तारीख घ्या, ऑगस्टच्या शेवटच्या जागा लवकर भरतात.