शीर्षकपानामागे तीन-चार सालं छापलेली असतील, तर नोंदीत कोणतं घालायचं?

तुमच्या हातातल्या पुस्तकात शीर्षकपानाच्या मागे '© १९९८, २००६', 'दुसरी आवृत्ती २००६' आणि 'पुनर्मुद्रण २०११' अशा तीन ओळी आहेत, प्रस्तावनेखाली 'डिसेंबर २००५' आहे, आणि ग्रंथालयाच्या तालिकेत या पुस्तकाची नोंद करताना प्रकाशन वर्षाच्या रकान्यात काय भरायचं हा तुमचा प्रश्न आहे. २००६ भरा.

आपण नोंद करतो ती आवृत्तीची. हातातली प्रत ही त्या आवृत्तीचा नमुना. म्हणून विचारायचं ते एवढंच, की हा मजकूर या रूपात, या प्रकाशकाकडून पहिल्यांदा कधी बाहेर आला? २०११ साली छपाईयंत्रावर पुन्हा कागद चढला, मजकूर तोच राहिला. १९९८ हे पहिल्या आवृत्तीचं साल, आणि ती आवृत्ती तुमच्याकडे नाही. प्रस्तावनेखालची तारीख लेखकाने लिहून संपवलं त्या दिवसाची.

हे मी चुका करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डोळे झाकून सगळ्यात अलीकडचं साल घ्यायचो. एक पाठ्यपुस्तक तीनदा खरेदी झालं होतं, तिन्ही खेपांवर छपाईची सालं वेगवेगळी: २००३, २००५, २००८. मी तीन स्वतंत्र नोंदी केल्या. मग एका विद्यार्थ्याने २००८ च्या नोंदीवर आरक्षण टाकलं आणि दोन आठवडे वाट पाहिली. शेवटी तो स्वतःच कपाटापाशी गेला, तर २००३ ची प्रत तिथे आरामात उभी. पान न् पान तेच. त्या नोंदी एकत्र करून प्रती एका नोंदीखाली आणण्यात माझी अख्खी दुपार गेली. उलट बाजूचा तोटा जास्त वाईट: कायद्याच्या किंवा औषधांच्या पुस्तकावर २०११ दिसलं की वाचक माहिती ताजी समजतो, आणि आत १९९८ चा मजकूर असतो.

खरी गोची 'आवृत्ती' या शब्दात आहे. मराठी प्रकाशक हा शब्द सढळ हाताने वापरतात. 'पाचवी आवृत्ती' लिहिलेलं असतं आणि स्वल्पविरामसुद्धा बदललेला नसतो. मी काय पाहतो सांगतो: पृष्ठसंख्या बदलली का, 'सुधारित' किंवा 'विस्तारित' असा शब्द आहे का, नव्या आवृत्तीसाठी वेगळं मनोगत आहे का, © च्या ओळीत नवं साल जोडलंय का, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बदललाय का. तुमच्या पुस्तकात © पुढे २००६ जोडलेलं आहे, म्हणजे मजकुरात काहीतरी नवं असावं. जुनी प्रत शेजारी ठेवून सगळं सारखंच निघालं, तर मी ते पुनर्मुद्रण धरतो आणि 'पाचवी आवृत्ती' हे शब्द टीपेत टाकतो. तुलनेला प्रत नसेल तर प्रकाशकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. शंका असताना आवृत्तीच मानावी, असं नियमही सांगतात.

परदेशी पुस्तकांत मागच्या पानावर '१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३' अशी आकड्यांची माळ दिसते. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई, इथे तिसरी. प्रकाशन वर्षाशी तिचा संबंध नाही.

फक्त © आणि साल एवढंच असेल, तर ते प्रकाशन वर्ष म्हणून छापलेलं नसतं, आपण तसा अंदाज करतो. म्हणून चौकटी कंसात: [१९९८]. एएसीआर-२ या नोंदी करण्याच्या जुन्या नियमावलीत 'सी१९९८' असं लिहीत. तशा जुन्या नोंदी दिसल्या तर त्यांच्यामागे लागू नका. कधी वर्ष संपता संपता आलेल्या पुस्तकावर © पुढच्या सालाचा असतो. तिथेही प्रकाशन वर्ष म्हणून मी तेच साल कंसात देतो.

सालच नसलेली किंवा फसवं साल असलेली पुस्तकं मला मनापासून आवडतात; तिथे इतर खुणांवरून साल ओळखावं लागतं. आयएसबीएन १९७० च्या सुमारास सुरू झाला आणि जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. एकदा शीर्षकपानावर ठसठशीत १९६२ असलेलं पुस्तक आलं, आणि मागच्या वेष्टणावर ९७८ ने सुरू होणारा तेरा अंकी आयएसबीएन. म्हणजे जुनी पानं जशीच्या तशी उचलून दुसऱ्याच प्रकाशकाने केलेलं पुनःप्रकाशन. अशा वेळी नोंद नवी, वर्ष नव्या प्रकाशकाचं, आणि १९६२ टीपेत. दाखल नोंदवहीही साक्ष देते: पुस्तक १९७४ ला दाखल झालं असेल तर ते त्यानंतरचं असूच शकत नाही. प्रस्तावना १९७१ ची असेल, तर [१९७१ ते १९७४ दरम्यान] लिहून मोकळं व्हायचं. जवळपास खात्री असेल तर [१९७३?]. रकाना कोरा मात्र सोडू नका. अंदाज कितीही ढोबळ असला तरी पुढच्या माणसाला धागा मिळतो.

शकाचं साल असेल तर जसं छापलंय तसं उतरवा आणि पुढे कंसात इसवी सन द्या. शके १८९२ मध्ये ७८ मिळवले की १९७० येतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे शेवटचे काही महिने १९७१ मध्ये जातात. म्हणून 'शके १८९२ [१९७० किंवा १९७१]'. 'माघ' असा महिना दिला असेल तर सरळ १९७१. संवतात ५६ किंवा ५७ वजा होतात. हिजरीला अशी बेरीज-वजाबाकी चालत नाही, कारण ते वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. तक्ताच पाहावा लागतो.

उघड छपाईची चूक, समजा २०१३ ऐवजी २१०३, असेल तर आरडीए या आताच्या नियमावलीप्रमाणे आहे तसं लिहून टीपेत दुरुस्त करायचं.

मार्क या संगणकीय नोंदींच्या साच्यात काम करत असाल तर २६४ या प्रकाशनाच्या तपशिलाच्या रकान्यात दुसरा दर्शक (रकान्याचा अर्थ सांगणारा आकडा) १ ठेवून २००६ घाला; © चं साल द्यायचं असेल तर वेगळ्या २६४ मध्ये दर्शक ४ ठेवून. आणि ००८ या सांकेतिक माहितीच्या रकान्यातलं साल जुळवून घ्या. बऱ्याच प्रणालींत वर्षाची गाळणी तिथूनच चालते, त्यामुळे पडद्यावर २००६ दिसतं आणि शोधात पुस्तक सापडत नाही, असा प्रकार होतो. दुसरीकडची आयती नोंद उतरवून घेत असाल तर ती छपाईआधी केलेली नाही ना, ते बघा. तसल्या नोंदीत नियोजित साल असतं. तिथे २००५ आणि पुस्तकावर २००६ असेल तर पुस्तकाचं खरं.

राहिलं २०११. ते प्रतीच्या टीपेत 'पुनर्मुद्रण २०११' म्हणून टाका. उद्या २०१५ ची प्रत आली तर तीही याच नोंदीखाली लावता येईल.