कार्बोरेटरची जुनी जिप्सी बेळगावहून लडाखला न्यायची आहे. ट्यूनिंग काय करून घ्यावं?

मनालीपर्यंत कशालाही हात लावू नका; तिथून पुढं मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नोझल) एक-दोन नंबरांनी लहान घाला आणि मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणारा) पाव-पाव फेरा आत घेत आयडल, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनचं चालणं, जमवा. कारण सोपं आहे: बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, लेह साडेतीन हजारावर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, पण जेट पेट्रोल सोडतं जवळपास पहिल्याइतकंच. मग गाडी काळा धूर टाकते, चढाला गुदमरते. बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या गाड्यांचीच कामं करतो, त्यावरून सांगतो: स्क्रूपेक्षा स्पार्क प्लगवर विश्वास ठेवा. चढावर थोडं पळवून प्लग काढून बघा. टोकाला कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अजून जास्त आहे, कॉफीसारखा तपकिरी रंग आला की थांबा, पांढरा पडला तर जास्तच कमी केलंत. एअर फिल्टर मात्र इथूनच नवीन टाकून निघा. आणि वाटेत कुणालाही जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठं झालं की सगळं ट्यूनिंग गेलं. एवढं करूनही ताकद कमीच राहील, लो गिअर वापरावाच लागेल. खाली उतरल्यावर जुनं जेट परत बसवा, नाहीतर सपाटीवर मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडून इंजिन तापेल.