बाटलीतलं कूलंट जातं कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली ‘मिन’च्या खाली जाते, मग मी नळाचं पाणी घालते. पार्किंगच्या फरशीवर डाग दिसत नाही. एसी लावला की मात्र डाव्या बाजूला पाणी ठिबकतं. परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, इतक्यात नको. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील. हेड उतरवणं हा शेवटचा उपाय. तुमच्या पत्रात तरी हेडकडे बोट दाखवणारं मला काही दिसत नाही.

आधी ते डाव्या बाजूचं पाणी. त्यावर बोट फिरवून बघा. नितळ असेल, वास नसेल, तर ते एसीचं पाणी. ते ठिबकायलाच हवं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, रंगीत असतं आणि गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका. आमच्या जुन्या उस्तादांना ती खोड होती. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलं तर लगेच धुऊन काढा.

आता डाग का नाही? गाडी तापली की कूलंटवर दाब येतो. रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. एक बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा शंभराऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. सगळी करामत त्या टोपणाची. बारीक चीर असली तर ती दाब आल्यावरच गळते. थेंब तापलेल्या लोखंडावर पडतो आणि जागीच वाळतो. रात्री गाडी थंड झाली की गळती बंद, फरशी कोरडी! म्हणून ओल शोधू नका, वाळून राहिलेला थर शोधा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा, टॉर्च घ्या. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेली असते, तो सांधा बघा. मग होज पाइपांची टोकं, क्लिपच्या अगदी कडेला. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा दिसला की चोर सापडला. वॉटर बॉडीला, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाला, खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. बेल्टच्या मागे असल्यामुळे ते सहज दिसत नाही, छोटा आरसा धरावा लागतो. आतल्या हीटरचीही गळती असू शकते. मग पुढच्या काचेवर चिकट वाफ धरते आणि डावीकडच्या पायाखालचा गालिचा ओला होतो.

आणि टोपण! सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाचा अख्खा रेडिएटर बदलला, तरी पाणी कमी व्हायचं थांबेना. शेवटी कळलं, टोपणाचं रबर कडक झालं होतं. दाब धरत नव्हतं आणि कूलंट वाफ होऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जात होतं. रेडिएटरचे पैसे मी परत केले. दाब टिकला नाही, त्यात पाणीही कमी झालं, की घाटात काटा चढणारच. तुमचं तेच असेल असं नाही, पण नवं टोपण सगळ्यात स्वस्त, तिथून सुरुवात करा.

एवढं बघूनही काही मिळालं नाही तर प्रेशर टेस्टर लावायला सांगा. हातपंपासारखं यंत्र असतं. थंड गाडीला टोपणाच्या जागी बसवून टोपणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. उतरला तर गळती आहेच, आणि बहुतेक वेळा ठिबकताना डोळ्यांनी दिसतेही. काटा उतरला पण बाहेर, आत कुठेच थेंब नाही, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. त्याचीही वेगळी चाचणी आहे : निळं रसायन कूलंटवरच्या हवेत धरतात, इंजिनातला धूर तिथे येत असेल तर ते पिवळं पडतं. या दोन्ही चाचण्या तुमच्यासमोर झाल्याशिवाय पान्याला हात लावू देऊ नका.

नळाचं पाणी आजपासून बंद. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, आणि प्रत्येक भरीबरोबर कूलंट पातळ होत जातं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कूलंट घाला. बाटलीवर मार्करने रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, आणि पातळी रोज सकाळीच बघा. गरम गाडीत ती वर चढलेली असते, त्यामुळे फसगत होते.

तोवर घाट टाळा. जावंच लागलं आणि काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि गाडी कडेला घ्या. पाऊण तास तरी टोपणाला हात लावू नका. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण अजून आहे.