ग्लो प्लग नवे, तरी थंडीत जुनं डिझेल इंजिन लवकर चालू होत नाही. काय तपासू?

सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग नवे आहेत, म्हणजे आधी रिले (प्लगना वीज जोडणारा स्विच) आणि वायरिंग बघा. 12 व्होल्टची गाडी असेल तर चावी फिरवून सगळे प्लग जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. तिथे साधारण 11 व्होल्ट तरी हवेत. काहीच नसेल तर फ्यूज तपासा. रिलेची टकटक ऐकून तो चांगला आहे असं मुळीच धरू नका! आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी आवाज येतोच. प्लग तापत असताना रिलेच्या दोन जाड टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर रिले बदला. व्होल्टेज ठीक असेल तर पट्टी काढून एकेक प्लग मोजा. थंड प्लग 1 ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो. फार जुन्या इंजिनांत प्लग सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातल्या एकेका प्लगला थेट 12 व्होल्ट देऊ नका, जळतील.