नोव्हेंबरची एफडी आणि स्किपरचा कोर्स

प्रश्न सोलापूरच्या एका वाचकाचा आहे. वय 41, अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम. हातात पगार 68,000. गृहकर्जाचा हप्ता 19,500, घरखर्च 29,000, विम्याचे हप्ते महिन्याला सरासरी 3,500, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी 6,000. उरतात 10,000. मुलगी यंदा दहावीला. गेल्या हंगामात ते मुंबईच्या एका सेलिंग क्लबात अधूनमधून क्रू म्हणून जात होते. आता त्यांना स्किपर व्हायचंय, म्हणजे क्लबची बोट स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर काढता येईल. नोव्हेंबरात 3,80,000 ची एफडी मोकळी होतेय. त्यातून 2,60,000 घालून परदेशात आठवड्याचा ‘डे स्किपर’ कोर्स करायचा आणि सरावाच्या खर्चासाठी वर्षभर एसआयपी थांबवायची, असा बेत आहे. पुढे बोट चार्टरवर, म्हणजे भाड्याने प्रवासी नेऊन, कमाई होईल असंही ते म्हणतात.

स्किपर जरूर व्हा. एफडीला मात्र हात लावू नका, आणि एसआयपीला तर मुळीच नको.

ती एफडी तुम्ही ‘शिल्लक’ म्हणून लिहिलीय. हिशेब मांडा. एसआयपी सोडली तर घर चालायला महिन्याला 52,000 लागतात. सहा महिन्यांचे झाले 3,12,000. म्हणजे खरी शिल्लक 68,000, बाकीची सगळी अडीनडीची पुंजी. कोर्सचे पैसे भरलेत तर हातात 1,20,000 राहतील, जेमतेम सव्वादोन महिन्यांचा खर्च. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा तुमच्या धंद्यात काय वातावरण होतं ते मी तुम्हाला काय सांगावं! एक्स्पोर्टवर पोट असलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या खाली येऊच नये.

आता कोर्स. आरवायएचा (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) डे स्किपर प्रॅक्टिकल 5 दिवसांचा असतो. पण त्याला बसण्याआधी 5 दिवस बोटीवर, 100 सागरी मैल आणि रात्रीचे 4 तास एवढा अनुभव असावा अशी अपेक्षा असते, शिवाय नकाशावर मार्ग आखण्याची प्राथमिक माहिती. तुमच्या पत्रात मैलांचा उल्लेखच नाही. लॉगबुक, म्हणजे मैलांची आणि दिवसांची नोंदवही, नसेल तर आजपासून ठेवा. कच्चे गेलात तर पाचातले तीन दिवस दोऱ्या ओळखण्यातच जातील, तेही परदेशी दराने. आणि ते प्रमाणपत्र हातात आलं म्हणून तुमचा क्लब लगेच बोट देईल असं धरून चालू नका. आपली बोट कुणाच्या हाती द्यायची हे क्लब स्वतः पारखून ठरवतो. सेलिंग सेक्रेटरीला आधी लेखी विचारा: तुमची चाचणी कशावर होते, आणि बाहेरचं प्रमाणपत्र धरता का?

चाचणीत साधारण काय बघतात? शिडावरच बोट मूरिंगला (बोट बांधायच्या बोयाला) आणून नेमकी थांबवणं, वारा वाढला की वेळेत रीफ करणं, म्हणजे शीड आखूड करणं, पाण्यात पडलेल्या माणसाकडे वळून येणं. शेवटच्या कसरतीत बहुतेक जण फार वेगात येतात आणि माणूस बाजूने निघून जातो. थेट वाऱ्याच्या तोंडावर नव्हे, त्याला थोडा कोन ठेवून बोट आणायची आणि शिडं सैल सोडायची, वेग त्याच्यापाशीच मरायला हवा. हे पैसे भरून येत नाही, सुकाणू हातात धरून तास घालवावे लागतात.

म्हणून खर्च तासांवर करा. मुंबईत पावसाळ्यात शिडं बंद, हंगाम ऑक्टोबर ते मे. महिन्याला बोटीच्या दोन फेऱ्या धरल्या तर 16 होतात. तुम्हीच काढलेल्या फेरीमागे 3,500 च्या दराने 56,000, वर क्लबचं वर्षाचं शुल्क 18,000. एकूण 74,000. जूनपासून महिन्याला 7,000 वेगळ्या खात्यात टाकलेत तर वर्षाचे 84,000 होतात. एसआयपीही चालू राहते आणि उरलेल्या 3,000 ची आवर्ती ठेव मुलीच्या अकरावीसाठी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं, सकाळी मुंबई, रात्री परत. हॉटेलचा खर्चच नको. तसाही समुद्रावरचा वारा दुपारीच धरतो, त्यामुळे सकाळी थिअरी उरका. नियम, गाठी, भरती-ओहोटीचं कोष्टक हे घरी बसून होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत पाणी किती चढतं-उतरतं ते उजनीच्या बॅकवॉटरला फिरलेल्या माणसाला खरं वाटत नाही, म्हणून कोष्टक पाठच करा.

पुढे चार्टर करून कमाई, हा मुद्दा हिशेबातून काढून टाका. डे स्किपर हे हौशी दर्यावर्दीचं प्रमाणपत्र आहे, पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर सरकारी परवाने वेगळे. विम्याचंही बघून घ्या. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांत साहसी खेळ ‘व्यावसायिक म्हणून’ खेळताना झालेली दुखापत वगळलेली असते, हौसेने खेळणाऱ्याला ती अट लागत नाही. अपघात विमा असेल तर त्याची कलमं मात्र वेगळी असू शकतात, तेवढी एकदा वाचा.

नोव्हेंबरात एफडी आली की 3,12,000 चे तीन सारखे तुकडे करून वेगवेगळ्या मुदतींना लावा, म्हणजे गरज पडल्यास एकच मोडावा लागेल. वरचे 68,000 बाजूला राहू द्या. मेअखेर लॉगबुकात 100 मैल दिसले आणि क्लबने बोट हाती दिली, तर कोर्सचा विषय पुन्हा काढू. तेव्हा कदाचित तुम्हालाच त्याची गरज वाटणार नाही.