विटा तडकल्या आणि पोट दुखायला लागलं

"पोट्टं हुशार हाय मॅडम, पण एकही गोष्ट पुरी करत नाही. प्रकल्प म्हटला का रडते." माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या पाचवीतल्या मुलाची आई सांगत होती. मुलगा शेजारी बसून नखांतली माती काढत होता. गाव यवतमाळकडचं, शाळा जिल्हा परिषदेची, विषय हडप्पा संस्कृती. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाची, म्हणजे तिथल्या मोठ्या स्नानकुंडाची, प्रतिकृती करायला त्यानं घरी चोवीस विटा पाडल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या तडकल्या. तेव्हा बाबांनी तालुक्याहून थर्माकोलचं तयार महास्नानगृह आणून दिलं. शाळेत त्याचं कौतुक झालं, आणि त्याच आठवड्यापासून रोज सकाळी त्याचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासून काही दोष नसल्याचं सांगितलं होतं.

पोराला जमत नाही, की तो आळशी आहे, ही आईबापांची नेहमीची काळजी. इथे मुलाला एकच विचारलं, "माती कुठली घेतलीस?" तो म्हणाला, "वावरातली. काळी." मग पुढचा प्रश्न, "उन्हाळ्यात वावराला काय होते?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "भेगा पडतात." त्या दिवशी तो पहिल्यांदा मान वर करून बोलला.

काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. नुसत्या काळ्या मातीची वीट उन्हात ठेवली की वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो, आणि वीट फाटते. दोष मातीचा आणि उन्हाचा होता, पण त्या पोरानं तो स्वतःचा मानला होता. त्यावर तयार वस्तू हातात आली, तेव्हा आपल्या हातचं चालत नाही हे त्याच्या मनात पक्कं झालं. वडिलांना लेकराचं रडणं पाहवलं नाही, म्हणून त्यांनी ती आणली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण न केलेल्या कामाची शाबासकी मुलांना फार जड जाते. 'कसं केलंस?' असं कुणी विचारलं तर सांगायला काही नसतं.

त्याला पुन्हा करायला दिलं ते असं. चाळलेली काळी माती चार वाट्या, बारीक वाळू दोन वाट्या, चुरलेलं कुटार (भुसा) एक वाटी. पाणी थोडं थोडं घालायचं, गोळा वळला जातो पण हाताला चिकटत नाही, तिथे थांबायचं. ओल्या गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्यायचं. साचा पाण्यात बुडवून आतून वाळू भुरभुरायची, म्हणजे वीट सुटते. मग तीन दिवस सावलीत ठेवायचं आणि रोज उलटायचं. (पांढरी माती कमी तडकते, घरातल्या आबाजींना ते ठाऊक असतं. पण गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडातून ती खोदून आणू नका. तिथे जुन्या वस्तीचे थर असतात, एकदा खणले की गेले.)

साच्याचं माप महत्त्वाचं. हडप्पाकालीन विटेची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असे, बहुधा ७, १४ आणि २८ सेंटिमीटर. मुलांसाठी १, २ आणि ४ सेंटिमीटर पुरे. काड्यापेटीचा खण या प्रमाणात बसत नाही, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चौकट करावी.

आता 'पुरी करत नाही' याचं दुसरं कारण. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. या छोट्या विटांच्या मापानं, म्हणजे खऱ्याच्या एक सप्तमांश, त्याची प्रतिकृती जवळपास पावणेदोन मीटर लांब होईल. चोवीस विटांत ते कुठून होणार? आठवड्याभरात दहा वर्षांच्या पोराच्या हातून एका भिंतीचा कोपरा होतो. त्याच्या आईला, ताईंना, एवढंच सुचवलं की शिक्षकांना भेटून 'फक्त कोपरा चालेल का' असं विचारा. शिक्षक लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या बैठकीला तो पंधरा विटा घेऊन आला. नऊ अखंड होत्या. सहा तडकलेल्या वेगळ्या कागदात बांधल्या होत्या, त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वाळू कमी'. हा कागद जपून ठेवा आणि विटांसोबत शाळेत द्या, असं ताईंना सांगितलं. "पण मार्क?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्तच आहे. पण हा मुलगा आता पाच मिनिटं न अडखळता विटांबद्दल बोलत होता, आणि गेल्या आठवड्यात एकदाही शाळा बुडली नव्हती.

पुढचं काम त्यानंच निवडलं. हडप्पा संस्कृतीच्या गावांत भाजक्या मातीच्या छोट्या बैलगाड्या सापडल्या आहेत, भरीव चाकांच्या. हे ऐकताच तो म्हणाला, "आमच्या तान्ह्या पोळ्याच्या नंदीलेही चाकं असतात!" (तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा, त्यात लाकडी नंदी फिरवतात.) गाडी केली, पण चाक फिरेना. ओल्या चाकाला पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काडीएवढंच भोक पाडलं होतं. माती आकसली तसं भोकही आकसलं. काडीपेक्षा जाड खिळा घालून, चाक वाळेपर्यंत तो मधूनमधून फिरवत राहायचा, हे त्यानं स्वतःच शोधलं. बाबांकडे खिळा मागितला. बाबांनी खिळा दिला आणि बाजूला बसून राहिले, चाकाला हात लावला नाही.