वरच्या मजल्यावर गळतीचं बोलायला जाताय?

ताई, पहिल्यांदाच जाताय, पोटात गोळा येणारच. येऊ द्या.

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी मुरत असेल तर उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या लेखी नियमांप्रमाणे, ती दुरुस्ती सोसायटीची. वरच्या काकांशी भांडण कशाला? बाथरूमचा संशय असेल तर दोन दिवस ते वापरू नका अशी विनंती करा. टपकणं थांबलं की वादाला जागाच उरत नाही.

सुरुवातीच्या चुका दोनच. लोकलमधून चेंगरून आल्यावर तडक वर जाऊन बेल वाजवणं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकणं. चारचौघांत बोललं की समोरचा हट्टाला पेटतो. मी हेच केलं होतं. शेजारी आठ महिने बोलले नाहीत आणि छत गळतच राहिलं.

रविवारी सकाळी जा. "तुमच्यामुळे" हा शब्द नको. "काका, खाली येऊन एकदा बघता का?" एवढंच म्हणा. ओला पोपडा त्यांच्या हाताला लागू द्या. मग गप्प बसा, त्यांचं ऐका. लाद्या फोडायच्या म्हणजे त्यांच्याही घरात आजारी माणूस असेल, मुलांची परीक्षा असेल. खर्च आणि तारीख ठरली की तिथेच लिहून घ्या.

उपनिबंधक (सोसायट्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी), सहकार न्यायालय हे सगळं नंतरचं. आत्ता डोक्यात घेऊ नका.